गरोदरपणी व्हिजिटर व्हिसावर अमेरिकेला जावे का?

प्रश्न: माझ्याकडे अमेरिकेचा दहा वर्षांचा बी-१/बी-२ व्हिसा आहे. न्यू जर्सीला थोरल्या बहिणीकडे तीन आठवडे राहण्याचा विचार असून, निघताना मला २२ वा आठवडा असेल. इमिग्रेशनवर अडवतील का, ही धास्ती वाटते.

उत्तर १: गरोदर असणे हे प्रवेश नाकारण्याचे कारण नाही. मात्र जानेवारी २०२० पासून, बाळाला नागरिकत्व मिळावे म्हणून तिथे बाळंत होणे हाच मुख्य हेतू दिसल्यास व्हिसा नाकारला जातो, आणि विमानतळावरचा अधिकारीही हेतू विचारू शकतो. म्हणून परतीचे तिकीट, रजेचे पत्र आणि इथे प्रसूतीसाठी नाव नोंदवल्याचा कागद हातातल्या बॅगेत ठेवा. विचारल्यास खरे तेच सांगा.

उत्तर २: परतीचा आठवडाही मोजा. बऱ्याच विमान कंपन्या २८ व्या आठवड्यानंतर डॉक्टरांचे पत्र मागतात.

उत्तर ३: ताई, मला खरी काळजी विम्याची वाटते. साध्या प्रवास विम्यात बाळंतपणाचा आणि नवजात बाळाचा खर्च सहसा धरलेला नसतो, आणि वेळेआधी कळा सुरू झाल्या तर तिथल्या रुग्णालयाचे बिल पेलणे फार कठीण जाते. विमानात तासा-दोन तासांनी उठून चाला. गरोदरपणात पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो.