पुण्यातल्या आंबील ओढ्यावर आणखी एक पूल कशासाठी?

ओढाकाठी:
'दोन किलोमीटरचा वळसा वाचत असेल तर ओढ्यावर पूल झालाच पाहिजे. पूर कधीतरी येतो, कामावर रोज जावे लागते,' असे कालच्या पोस्टमध्ये लिहिणाऱ्या गृहस्थांनी २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र बहुधा दूरदर्शन संचासमोर काढली असावी. आम्ही ती जिन्यात काढली. पाणी चौथ्या पायरीला लागले होते आणि खाली पार्किंगमध्ये दुचाक्या एकमेकींवर आपटत असल्याचा आवाज अंधारातून येत होता. सकाळी पाहिले तर आमच्या खालच्या अंगाच्या लहान पुलाच्या नळांत गाद्या, फांद्या आणि एक अख्खा फ्रिज अडकून बसला होता. कात्रजकडून आलेला लोंढा मागे का फुगला, हे त्यानंतर कोणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

वळसेकर:
ते गृहस्थ मीच. आपल्या चौथ्या पायरीबद्दल सहानुभूती आहे; परंतु माझ्या आईला दम लागला तेव्हा समोर दिसणाऱ्या रुग्णालयात पोहोचायला पंचवीस मिनिटे लागली, तीही कोरड्या रस्त्याने. शिवाय आपले पार्किंग ज्या भरावावर आहे, तो भराव ओढ्याच्या पात्रात कोणी टाकला, हेही एकदा लिहावे.

निवृत्त ओव्हरसियर:
दोघेही पूल आणि मोरी यांत गल्लत करत आहात. नळ टाकून वर काँक्रीट ओतले की ती नळमोरी होते, आणि पुरात तिचे बूच होते. पात्रात एकही खांब न घेता एकाच गाळ्याचा पूल बांधला, त्याचा तळ पुराच्या पातळीच्या पुरेसा वर ठेवला आणि जोडरस्त्याचा भराव काठाच्या आत येऊ दिला नाही, तर ओढ्याला तो जाणवणारही नाही. निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते; पुलाची उंची ठरवताना यांपैकी कोणती धरली, हा प्रश्न बैठकीत मी दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा मला चहा देण्यात आला.

पेठकर:
ओढ्याशी खेळ करण्याची आपली खोड जुनीच आहे. नानासाहेब पेशव्यांनी हाच ओढा वळवून पेठांबाहेर काढला नसता, तर निम्म्या शहराला दर पावसाळ्यात होड्या ठेवाव्या लागल्या असत्या. तेव्हा कोणी 'पाण्याला वाट द्या' म्हणून अर्ज केल्याचे ऐकिवात नाही.

ओढाकाठी:
उदाहरण आपल्यावरच उलटते आहे. त्यांनी ओढा वळवताना पर्वतीच्या पायथ्याशी तळेही केले, म्हणजे पाण्याला थांबायला जागा दिली. त्या तळ्याच्या जागी आज आपण सारसबागेत भेळ खातो आणि तिथल्या गणपतीला 'तळ्यातला गणपती' म्हणताना तळे कुठे गेले हे विचारत नाही.

पेठकर:
भेळेला मध्ये आणू नये. तळे बुजवले ते पेशव्यांनी नव्हे.

दांडेकर पूल:
पेठा वाचल्या याचे कौतुक चालू आहे. वळवलेला ओढा कोणाच्या दारावरून जातो, तेही लिहा. आमच्या, दांडेकर पुलाजवळच्या वस्तीच्या. २०१९ मध्ये पाणी आमच्या घरांत शिरले, आणि २०२१ च्या जूनमध्ये ओढ्याच्याच कामासाठी आमच्याकडची घरे ऐन पावसाळ्यात पाडली गेली. वर सोसायट्यांच्या भिंती पात्रात उभ्या असताना रुंदी फक्त वस्तीतच कमी पडते, हे गणित ओव्हरसियर साहेबांनी सोडवून दाखवावे.

निवृत्त ओव्हरसियर:
ते गणित जलशास्त्राचे नाही. मला सुटणार नाही.

वळसेकर:
ठीक आहे. एकाच गाळ्याचा आणि पुरेसा उंच पूल होणार नसेल, तर माझा आग्रह मी मागे घेतो. वळसा घालून आईला नेईन आणि वाटेत आपणा सर्वांची आठवण काढीन. मात्र मे महिन्यात नळांतला गाळ निघाला की नाही, याचे छायाचित्र ओढाकाठी यांनी येथे टाकावे. पायऱ्या मोजता येणाऱ्या माणसाला तेवढे जमावे.

ओढाकाठी:
टाकतो. नवा पूल करायचाच असेल, तर तो जुनी मोरी फोडून तिच्याच जागी करा, मग मी विरोध करणार नाही. आजच पाहून आलो: तीन नळांपैकी एकात गाळ कडेपर्यंत आहे, दुसऱ्यात फ्रिजचे दार अजून तसेच आहे, आणि तिसऱ्याच्या तोंडाशी पिंपळ माझ्या खांद्याएवढा झाला आहे.