संताचा दिवस: तुमच्या घरचा, शिबिरातला

फेब्रुवारीत एनएसएसची शिबिरं अन् संतांचे दिवस एकदमच येतात. १५ला बंजारा समाजाच्या संत सेवालालांची जयंती, २३ला गाडगेबाबांची, माघ वद्य सप्तमीला गजानन महाराजांचा प्रकटदिन. आपल्या घरचा असा दिवस शिबिरात, वसतिगृहात कुणाला दाखवला असेल, किंवा दुसऱ्याचा पाहिला असेल, तर लिहा. भाषणं नकोत. काय शिजलं, कोण काय म्हणालं तेवढं सांगा.

मानोरा: सेवालाल जयंतीला आमच्या बंजारा तांड्यावर भोग लावतात. शिबिरात शाळेच्या व्हरांड्यातच गोवऱ्यांचे निखारे केले, लापसी अन् तूप वाहिलं, पांढरा झेंडा लावला अन् गोरमाटीत, म्हणजे आमच्या बोलीत, अरदास (प्रार्थना) सुरू केली. अरदास चांगली लांब असते. मधे मी श्वास घ्यायला थांबले, तर एकाला वाटलं संपली. त्यानं 'पुंडलिक वरदे' ठोकून दिलं! सगळ्यांनी 'हारी विठ्ठल' म्हटलं, मग मी उरलेली म्हटली. धुरानं सर केव्हाच पटांगणात गेले होते.

अकोला, कृषी महाविद्यालय: प्रकटदिनाला पिठलं-भाकर केली. आमच्या वर्गात केरळचा एक ख्रिश्चन मुलगा आहे. त्यानं विचारलं, "प्रकट म्हणजे जन्म ना?" नाही बापा. महाराज कुठचे, कधी जन्मले, कोणालेच ठाऊक नाही. १८७८ साली शेगावात उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचून खाताना लोकांना दिसले, तोच दिवस धरतात. तो म्हणे, आमच्याकडं बहुतेक संतांचा मृत्यूचाच दिवस पाळतात. येशूचे शिष्य सेंट थॉमस इ.स. ५२मध्ये केरळात आले असं मानतात, पण सण ३ जुलैला, ते हुतात्मा झाले असं मानतात त्या दिवसाचा. यावर रात्री बारापर्यंत वाद. पिठलं गार झालं, म्हणून पुन्हा फोडणी दिली.

तिवसा: तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीले मोझरीत, महाराज गेले त्या वेळेले, दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन असते. बाहेरगावच्या पोरायले आधीच सांगून ठेवा. आमच्यातल्या एकाचा मोबाइल नेमका तेव्हाच वाजला, अन् बंद कसा करावा हेच त्याले सुचेना.

सावनेर: आमचं गाव वाकीजवळ. तिथं राहिलेल्या सूफी संत ताजुद्दीन बाबांना नागपूरच्या वेड्यांच्या इस्पितळातून १९०८ साली रघुजीराजे भोसल्यांनी आपल्या वाड्यावर नेलं, हे मी गॅदरिंगला सांगितलं, तर अर्ध्या जणांना नवीनच होतं. उरूस बाबांच्या वफातीचा, म्हणजे तोही मृत्यूचाच दिवस. अम्मीनं गूळ-तुपाचा मलिदा दिला होता. एका मित्रानं डबा हातात धरून विचारलं, "उपासाले चालते काय?" पोळ्यांचा आहे, नाही चालत म्हटलं. त्यानं तिथल्या तिथं उपास सोडला.