पंख दिसला की लगेच हंपबॅक?

खारवा: 'मालवणसमोर फवारा उडाला, पाठीवर पंख दिसला, म्हणजे हंपबॅकच!' हंपबॅक देवमाशाबद्दलची ही पोस्ट वाचून गप्प बसवेना. फवारा आणि पंख ब्राइड्स या दुसऱ्या जातीच्या देवमाशालाही असतात. त्याचा पंख कोयत्यासारखा वळलेला, डोक्यावर लांबट तीन कंगोरे, आणि बुडताना शेपूट सहसा वर येत नाही. हंपबॅकचा पंख बुटका, उंचवट्यावर बसलेला, डोक्यावर गाठी, हातपंख अंगाच्या जवळजवळ एक तृतीयांश लांब. शेपटीची खालची बाजू टिपल्याशिवाय नोंद करूच नका.

लेन्सकर: मग नोंदी होणारच नाहीत. हंपबॅकही प्रत्येक बुडीला शेपूट उचलत नाही. ओमानमध्ये पंखांच्या फोटोंवरूनही एकेक प्राणी ओळखतात.

खारवा: ओळखतात, पण तो हंपबॅक आहे हे ठरल्यावर! जात ठरवणं वेगळं आणि त्यातला नेमका कोणता ते ठरवणं वेगळं. नेमका प्राणी ठरवायला मुख्यतः शेपटीच्या कडेचे दाते आणि पांढरे-काळे डाग लागतात.

तांडेल: आणि त्या शेपटीपायीच होड्या मागे लागतात! खालची बाजू मागूनच दिसते, म्हणून प्रत्येकाला मागे जायचं असतं. डॉल्फिन दाखवणाऱ्यांनी आधीच कळप पिटाळायची सवय लावली आहे: दोन होड्या दोन्हीकडून, तिसरी पुढून आडवी. वाट अडली की प्राणी खोल जातो, बराच वेळ वर येत नाही, आणि मग कसली शेपूट?

लेन्सकर: सरसकट सगळ्यांना झोडपू नका.

तांडेल: मग बरोबर रीत ऐका. किमान शंभर मीटर अंतर, त्याच्या बाजूने समांतर, त्याच्याच वेगाने. पाठीची कमान उंच झाली की ती बुडी खोल. तेव्हा गिअर न्यूट्रल करा, होडी मागे राहू द्या, शेपूट आपोआप समोर येते. पाठलाग करणाऱ्याला नुसतं पाणी मिळतं.

लेन्सकर: हे मान्य. शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवा, पंखाच्या दोन्ही बाजू घ्या, कॅमेऱ्याचं घड्याळ जीपीएसशी जुळवा. पण 'शेपूट नाही तर नोंद नाही' हे मी मानणार नाही. १९६५-६६ मध्ये देवमाशांची शिकार करणाऱ्या सोव्हिएत ताफ्याने अरबी समुद्रात २४२ हंपबॅक मारले. ओमानच्या किनाऱ्यावर नंतरचा अंदाज ८२ च्या आसपास. २०१७ मध्ये लुबान ही मादी ओमानहून गोव्याकडे आली, ते अंगावर उपग्रहाला जागा कळवणारा टॅग होता म्हणून कळलं. इतक्या थोड्या जनावरांत अर्धवट फोटोही मोलाचा.

खारवा: बरं, पाठवा. पण जातीच्या रकान्यात 'मोठा देवमासा, जात अनिश्चित' लिहा, आणि डोक्याचा फोटो आधी घ्या. कंगोरे की गाठी, तिथेच अर्धा वाद मिटतो.