मॉलिब्डेनमचा पत्रा बेंडच्या रेषेवर तुटतो, कारण काय?

प्रश्न (उद्यमबाग, बेळगाव):
आमचे पत्राकामाचे छोटे वर्कशॉप आहे. आजवर सगळे काम लोखंड आणि स्टेनलेसमध्येच केले. सध्या व्हॅक्यूम फर्नेसच्या (निर्वात भट्टीच्या) हीट शील्डसाठी, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या आवरणासाठी, १ मिलिमीटर जाडीच्या मॉलिब्डेनमच्या पत्र्याचे चारही बाजूंनी वाकवलेले ट्रे करायचे आहेत. काल सकाळी प्रेस ब्रेकवर (पत्रा वाकवण्याच्या यंत्रावर) घेतलेल्या पाच तुकड्यांपैकी तीन ९० अंशांपर्यंत पोहोचण्याआधीच कट्‌कन तुटले, आणि तुटलेल्या कडेवर कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले दिसतात. माल सदोष आहे का?

उत्तर (मच्छे):
मालाला लगेच दोष देऊ नये. मॉलिब्डेनम एका ठरावीक तापमानाखाली ठिसूळ असतो, आणि ती मर्यादा नेमकी आपल्या शेडमधल्या तापमानाच्या आसपास येते. त्यामुळे बेळगावच्या गारठ्यात सकाळी तुटणारा तुकडा दुपारी वाकलाही असता. पत्रा १५० ते ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा आणि डायही (ज्या साच्यावर पत्रा दाबून वाकवतात तो) तापवावा, कारण थंड डायला टेकताच एवढ्या पातळ पत्र्यातली उष्णता निघून जाते. मात्र हवेत ४०० अंशांच्या वर नेऊ नये, तिथून गंज झपाट्याने चढू लागतो. तांब्याप्रमाणे लालभडक करून मऊ करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा. सुमारे ११०० अंशांच्या पुढे त्याचे कण नव्याने वाढतात आणि थंड झाल्यावर पत्रा अधिकच ठिसूळ होतो.

पापुद्रे शिअरिंगमुळे (पत्रा यंत्राच्या पात्यांनी कापल्यामुळे) सुटले असावेत. कापलेली कड लांबीच्या दिशेने घासून बारीक पॉलिश करावी. नखाला लागेल एवढी बरसुद्धा (कापलेल्या कडेवरची खरबरीत धार) तडा सुरू करायला पुरेशी असते.

उत्तर (निपाणी):
वरील सल्ला टँटलम आणि नायोबियमला लावू नये, एवढी विनंती. ते धातू थंडच वाकवायचे असतात. हवेत तापवले तर ऑक्सिजन आणि नायट्रोजन शोषून कडक होतात, म्हणून त्यांचे ॲनीलिंग (तापवून मऊ करणे) उच्च व्हॅक्यूममध्येच करतात. शिवाय ते पोलादी डायला चिकटून ओरखडतात, तिथे ॲल्युमिनियम ब्राँझचा डाय उपयोगी पडतो. इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटच्या चौथ्या टप्प्याच्या नॉझलसाठी वापरलेला सी-१०३ हा नायोबियमचाच मिश्रधातू आहे. त्यात सुमारे १० टक्के हाफ्नियम आणि १ टक्का टायटॅनियम असते.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही मनापासून आभार. तुटलेले तिन्ही बेंड रोलिंगच्या दिशेला (पत्रा ज्या दिशेने लाटला गेला तिला) समांतर होते, हे आता तुकडे पुन्हा जुळवून पाहिल्यावर लक्षात आले. पण ट्रेला दोन्ही दिशांनी बेंड आहेत, मग कोणताच बेंड समांतर येणार नाही अशी दिशा कशी साधावी?

उत्तर (मच्छे):
आखणीच तिरकी करावी, म्हणजे प्रत्येक बेंड रोलिंगच्या दिशेशी ४५ अंशांत येईल. पत्रा थोडा वाया जाईल, पण तुटलेल्या तीन तुकड्यांपेक्षा ते स्वस्तच पडेल. बेंडची आतली त्रिज्या जाडीच्या दुपटीहून कमी ठेवू नये.