अनुभव धागा : 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' पाहताना तुम्हाला काय आठवलं?

नमस्कार मंडळी. स्पीलबर्गचा २००५ चा 'वॉर ऑफ द वर्ल्ड्स' परवा लेकीसोबत पुन्हा पाहिला. ती बारावीला आहे. मंगळवासी तीन पायांच्या यंत्रांतून पृथ्वीवर हल्ला करतात, ती एच. जी. वेल्सची १८९८ ची मूळ कादंबरी तिने सुट्टीत वाचून काढली होती. चित्रपट संपल्यावर म्हणाली, "बाबा, पुस्तक वाचताना भीती वाटत होती, पण विचार करायला उसंत मिळत होती. इथे नुसता जीव घुसमटतो."

मला काही उत्तर सुचलं नाही. १९५३ च्या चित्रपटात शेवटी घाबरलेली माणसं चर्चमध्ये एकत्र प्रार्थना करतात. स्पीलबर्गच्या चित्रपटात हीच माणसं एका चालू गाडीसाठी एकमेकांवर तुटून पडतात, एकजण तर हातांनी काच ओरबाडतो. खरा काळोख मला तिथे दिसतो, त्या तीन पायांच्या यंत्रांत नाही. हा काळोख तुम्हाला खरा वाटला की उगाच ओतलेला? कोणता प्रसंग अंगावर आला, आणि का, ते लिहा. गोष्ट फुटली तरी चालेल.

देवळाली कॅम्प, निवृत्त तोफची

आमच्याकडे फायरिंगच्या दिवशी खिडक्यांची तावदानं थरथरतात, त्यामुळे कादंबरीतली तोफांची प्रकरणं मी बारकाईने वाचली. वेब्रिजजवळ नदीकाठी लावलेल्या तोफांचा एक गोळा मंगळवाल्यांच्या यंत्राच्या थेट तोंडावर बसतो आणि ते धूड पाण्यात कोसळतं. पुढे 'थंडर चाइल्ड' ही युद्धनौका लोकांनी भरलेली बोट वाचवण्यासाठी यंत्रांवर चाल करून जाते, दोघांना संपवते आणि स्वतःही संपते. वेल्सने सैनिकाला हरवलं, पण त्याची लढाई वाचकाला दाखवली. चित्रपटात टेकडीपलीकडे नुसता जाळ दिसतो. सैनिक मरायला जातात आणि आपण त्यांचे चेहरेसुद्धा बघत नाही. थंडर चाइल्ड गाळली याचं मला आजही वाईट वाटतं.

कॉलेज रोड, इंग्रजीची शिक्षिका

काकांची तक्रार रास्त आहे, पण माझ्या मते त्याहून मोठी गोष्ट गाळली गेली. वेल्स पहिल्याच प्रकरणात टास्मानियाच्या मूळ रहिवाशांची आठवण काढतो. युरोपीय लोकांनी त्यांना पन्नास वर्षांत संपवलं, मग मंगळवाल्यांनी आपल्याशी तसंच केलं तर तक्रार कोणत्या तोंडाने करायची, असा त्याचा सवाल आहे. साम्राज्य ऐन भरात असताना, इंग्लंडमध्येच बसून, तो हे लिहीत होता. त्यानंतर अकरा वर्षांनी, २१ डिसेंबर १९०९ ला, आपल्या नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. वर्गात मी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवते, आणि मुलांना कादंबरी एकदम आपली वाटू लागते. स्पीलबर्गने त्या जागी ११ सप्टेंबरनंतरची अमेरिका ठेवली आहे : अंगावरची राख, हरवलेल्या माणसांचे भिंतीवरचे फोटो, "हे अतिरेकी आहेत का?" असं विचारणारी मुलगी. ती भीती खरी आहे, मी नाकारत नाही. पण आता तिथे मार खाणारा फक्त मार खातो, आपण कुणाला मारलं होतं हे त्याला आठवत नाही.

इंदिरानगर

शेवट अजिबात पटला नाही. नायकाचा मोठा मुलगा आगीत गेलेला आणि थेट बोस्टनला दारात उभा? जंतूंनी मंगळवाले मरतात ते मूळचंच आहे, त्याबद्दल तक्रार नाही.

पंचवटी

मला बोटीच्या प्रसंगाबद्दल लिहायचं आहे. बरीच वर्षं लिहायचं टाळलं.

२७ ऑगस्ट २००३. कुंभमेळ्याची पर्वणी. मी एकोणीस वर्षांचा, पाणी वाटणारा स्वयंसेवक. सरदार चौकाच्या बाजूला गर्दी दाटली. माणूस लगेच पडत नाही. आधी त्याचे पाय जमिनीवरून सुटतात, तो गर्दीबरोबर तरंगत जातो, मग छातीवर दाब येतो आणि ओरडायलाही श्वास उरत नाही. त्या दिवशी ३९ जण गेले. एका बाईंचा हात मी ओट्यावरून धरला होता. हिरव्या बांगड्या होत्या. वरून मी ओढत होतो, खालून गर्दी त्यांना ओढत होती. हात सुटला. पुढे त्यांचं काय झालं, मला आजवर कळलेलं नाही.

दोन वर्षांनी मित्रांबरोबर हा चित्रपट बघायला गेलो. बोट सुटते, फळी वर उचलली जाते, माणसं कडेला लोंबकळतात, आणि तो मोठा मुलगा धावत जाऊन त्यांना वर ओढू लागतो. मी उठून बाहेर आलो. मित्रांना सांगितलं, पोट बिघडलंय.

त्या मुलाचं पात्र आगाऊ आहे, असं लोक म्हणतात. माझ्यासाठी सगळ्या चित्रपटात तोच एक खरा आहे. आणि तो ज्यांचे हात धरतो, ते वर येतात.

विल्होळी

मी २०२० मध्ये टीव्हीवर हिंदीतून पाहिला, लॉकडाऊनमध्ये. दिवसा आम्ही मुंबई-आग्रा रोडवर पायी निघालेल्या मजुरांना खिचडी वाटायचो. चित्रपटात पेटलेली आगगाडी फाटकातून धडधडत जाते, लोक बघतात, फाटक उघडतं आणि सगळे मुकाट्याने चालू लागतात. कुणी रडत नाही. तसंच होतं हायवेवर. सुरतेहून आलेल्या एकाला मी विचारलं, "किती चाललात?" त्याने नुसतं द्रोणाकडे बोट केलं, अजून थोडं वाढा म्हणून. आणि इथे जंतू आमच्या बाजूने नव्हते, त्यामुळे तो शेवट मला बघवला नाही.

सिडको

तळघराचा प्रसंग. ओरडणाऱ्या माणसाला गप्प करायला बाप आत जातो, दार लावतो. त्याआधी पोरीच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो आणि तिला अंगाई म्हणायला सांगतो. कॅमेरा दाराबाहेर, पोरीपाशीच थांबतो. पुस्तकात निवेदक पाद्र्याला सुऱ्याच्या दांड्याने मारतो, ते वाचून इतकं हललो नव्हतो. माझी मुलगी तेव्हा पाच वर्षांची होती. मी काय केलं असतं, हे बायकोने विचारलं. उत्तर माहीत होतं, म्हणून बोललो नाही.

धागाकर्ता

पंचवटीच्या भाऊंचं लिहिलेलं लेकीला वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बोटीचा प्रसंग पुन्हा लावता का?"

लावला. या वेळी ती यंत्रांकडे बघत नव्हती. फळीवर कोण कोण वर आलं, ते मोजत होती.