मदत हवी आहे : पिशवी आणि बीजकोष काढून १४ वर्षं झाली, तरी आईला हार्मोनविरोधी गोळी कशाला?

मंगळवारपेठकर :
नमस्कार मंडळी. आई ६३ वर्षांची. दिवाळीनंतर उजव्या स्तनात कर्करोगाची गाठ लागली, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. रिपोर्टात ईआर (गाठीतले इस्ट्रोजेन हार्मोनचे रिसेप्टर) ८ पैकी ७, पीआर (प्रोजेस्टेरॉनचे) ८ पैकी ५, हर-टू नावाचं प्रथिन निगेटिव्ह. केमो लागली नाही. आता लेट्रोझोल २.५ मिलिग्रॅम, रोज एक, पाच वर्षं.

घोळ इथून पुढं. अंगावर जायचं म्हणून १४ वर्षांपूर्वी आईची पिशवी काढली, तेव्हाच दोन्ही बीजकोषही काढले. डिस्चार्ज कार्डावर तसं लिहिलंय. गोळी सुरू होऊन तीन महिने झाले आणि सकाळी बोटं आखडतात, दोन भाकरी थापल्या की हात झटकत बसते. आत्ती आल्या की सुरू : "सोडून दे ती गोळी." आणि आई मला विचारते, "पिशवी गेली, बीजकोषबी गेलं, मग आता हार्मोन येतंय कुठनं?" मला उत्तर देता येईना. डॉक्टरांकडं ही गर्दी, ते 'अरोमाटेज थांबवायचं असतं' म्हणाले आणि पुढचा पेशंट आत आला. त्यात भर म्हणजे मेडिकलमधला पोरगा म्हणाला, ही गोळी मूल राहण्यासाठी देतात! आता आई घाबरलीय. कुणी नीट समजावेल का?

ऊसफड :
आमच्या पाहुण्यांनी सगळ्या गोळ्या सोडून काढा सुरू केला. ठणठणीत आहेत. बघा.

लॅबवाला :
ऊसफड, पाहुण्यांचा ईआर किती होता ते आधी विचारा, मग काढा सांगा.

मंगळवारपेठकर, आईंचा प्रश्न एकदम बरोबर आहे. आपल्याकडच्याच भाषेत सांगतो. बीजकोष म्हणजे साखर कारखाना समजा. तो बंद पडला म्हणून ऊस संपत नाही. मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथी अँड्रोस्टेनडायोन नावाचा पुरुषी धाटणीचा हार्मोन बनवतच राहतात, बाईच्याही शरीरात. हा झाला ऊस. त्याचा इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हार्मोन, करणारं एन्झाइम म्हणजे अरोमाटेज, आणि ते फक्त बीजकोषात नसतं. चरबीत, त्वचेत, स्नायूंत, आणि खुद्द स्तनाच्या ऊतीत असतं. म्हणजे कारखाना बंद, पण गावोगाव गुऱ्हाळं चालू. स्तनातलं गुऱ्हाळ तर गाठीच्या बांधालाच. म्हणूनच पाळी गेलेल्या बाईच्या रक्तात इस्ट्रोजेन अगदी कमी दिसलं तरी गाठीच्या ऊतीत ते त्याच्या कितीतरी पट सापडतं. गाठीच्या आसपास सूज असली की प्रोस्टाग्लँडिन नावाचा पदार्थ तयार होतो, तो अरोमाटेज आणखी वाढवतो. वजन वाढलं की चरबी वाढते, म्हणजे गुऱ्हाळंही वाढतात.

ईआर ८ पैकी ७ याचा अर्थ गाठीच्या पेशींना या गुळाची चटक होती. लेट्रोझोल त्या एन्झाइमला चिकटून काहील अडवून बसतं, गूळच होत नाही. टॅमॉक्सिफेन ही दुसरी हार्मोनविरोधी गोळी, तिचं काम वेगळं : ते गूळ होऊ देतं, पण स्तनातल्या गिऱ्हाइकाच्या दाराला कुलूप लावतं.

मेडिकलमधला पोरगा खोटं बोलला नाही, अर्धवट बोलला. तरुण बाईचे बीजकोष चालू असतात. तिथं इस्ट्रोजेन थोडं घटलं की मेंदू बीजकोषांना जोरात हाक मारतो, बीज तयार होतं. म्हणून वंध्यत्वात ही गोळी पाळीच्या सुरुवातीला पाचेक दिवस देतात. आणि म्हणूनच पाळी चालू असलेल्या बाईला स्तनाच्या कर्करोगात ही एकटी देत नाहीत, बीजकोष बंद करणारं इंजेक्शन सोबत लागतं. आईंना बीजकोषच नाहीत, हाक ऐकणार कोण?

कर्करोग आणि बीजकोषाचं नातं जुनं आहे. १८९६ मध्ये ग्लासगोच्या बीटसन या सर्जननं बीजकोष काढून स्तनाच्या गाठी आक्रसलेल्या दाखवल्या, तेव्हा इस्ट्रोजेन हे नावही कुणाला माहीत नव्हतं.

राजारामपुरीची_काकू :
बाळा, मी पाच वर्षं पूर्ण केली. पहिल्या चार महिन्यांत अंगठे असे धरायचे की कुकरचं झाकण निघायचं नाही. इस्ट्रोजेन गेलं की सांधे बोलतात, हाडंही झिजतात. माझ्या डॉक्टरांनी थोडे दिवस थांबवून त्याच जातीची दुसरी गोळी, अ‍ॅनास्ट्रोझोल, दिली. मला ती मानवली. पण बदल त्यांनी केला, मी नाही. रोज रंकाळ्याला चालायचे, पहिली दहा मिनिटं जीव नकोसा व्हायचा, मग बोटं मोकळी व्हायची. हाडांची डेक्सा (हाडं किती भरीव आहेत ते मोजायची तपासणी) केली का? ड जीवनसत्त्व बघितलं का? हे दोन्ही विचारा. आणि आत्तींना म्हणावं, भाकरी तुम्ही थापा.

मंगळवारपेठकर :
लॅबवाले, काकू, लई उपकार. गुऱ्हाळाचं आईला लगेच पटलं, तिचं माहेर कागलकडचं. म्हणाली, "मग असं सांगायला काय झालं होतं त्यांना?" डेक्सा केलेली नाही, कुणी लिहूनच दिली नव्हती. सोमवारी जातोय, जुनं डिस्चार्ज कार्डही नेतो. तोवर गोळी चालू.

काकू, एकच. चालून आल्यावर बोटं कोमट पाण्यात धरता का नुसतीच मोकळी होतात?

राजारामपुरीची_काकू :
थंडीत धरायचे. उन्हाळ्यात नाही लागलं.