सर्चमध्ये सगळ्यात वर आलेल्या नंबरची जबाबदारी कोणाची?

कराडचा मेकॅनिक:

नमस्कार. कराडला माझं वॉशिंग मशीन आणि फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे, १४ वर्षं झाली. एक गोष्ट महिनाभर डोक्यातून जात नाही, म्हणून इथे विचारतोय.

आमच्या एका जुन्या गिऱ्हाईक काकूंचे ४८,५०० रुपये गेले. काका गेल्यापासून त्या एकट्याच असतात, मुलगा पुण्याला. मशीनमधलं पाणी निघेना. माझा नंबर जुन्या फोनमध्येच राहिलेला, म्हणून त्यांनी नव्या फोनवर कंपनीचं नाव आणि पुढे 'कस्टमर केअर' असं टाकलं आणि पहिला दिसला तो नंबर लावला. समोरचा माणूस मराठीत, अगदी अदबीने बोलत होता. तक्रार नोंदवायला १० रुपये ऑनलाइन भरा म्हणाला, त्यासाठी एक ॲप घ्यायला लावलं, आणि त्या ॲपमधून काकूंची स्क्रीन त्याला दिसू लागली. दहा मिनिटांत तीन वेळा पैसे गेले. संध्याकाळी पुतण्या मला घेऊन गेला तेव्हा काकू ओट्याशी स्टूल घेऊन बसल्या होत्या. परत परत एकच म्हणत होत्या, "अरे, सगळ्यात वर होता रे तो नंबर."

मी मशीनच्या खालच्या कोपऱ्यातलं झाकण उघडलं, परात लावून पाणी काढून घेतलं आणि फिल्टर फिरवून बाहेर ओढला. आत एक रुपयाचं नाणं आणि ब्लाउजचा हूक. पाच मिनिटांचं काम. ओळखीच्या माणसाकडून त्याचे मी पैसेही घेत नाही.

सर्च वाईट आहे असं मी म्हणूच शकत नाही. माझं पोट त्यावर चालतं. पूर्वी नवीन मॉडेल आलं की कंपनीच्या ट्रेनिंगला जाऊन आलेल्या माणसाच्या विनवण्या कराव्या लागायच्या. आता डिस्प्लेवर आलेला कोड टाकला की कुठला सेन्सर गेलाय ते कळतं, कोणीतरी बोर्ड उघडून व्हिडिओ करून ठेवलेला असतो. नवीन गिऱ्हाइकांतले निम्मे तरी मॅपवर दुकान बघूनच येतात. पण त्याच मॅपवर गेल्या दिवाळीत माझ्या दुकानाचा नंबर कोणीतरी बदलला होता. चार दिवस फोन नाही, मला वाटलं सणामुळे असेल. एक गिऱ्हाईक चालत आलं आणि म्हणालं, "तुम्ही फोनवर आगाऊ पैसे का मागता?" तेव्हा कळलं.

तर प्रश्न असा, की खोटा नंबर वर येतोच कसा? मधे कोणी तपासतं की नाही? आणि काकूंसारख्यांना मी नेमकं काय सांगू?

जाहिरातवाली, पुणे:

दादा, वाचून वाईट वाटलं. मी ९ वर्षं छोट्या दुकानांच्या ऑनलाइन जाहिराती लावून देते, त्यामुळे आतून जेवढं माहीत आहे तेवढं सांगते.

तुम्ही शब्द टाकला की त्या क्षणी जाहिरातीच्या जागेचा लिलाव होतो. कोण किती पैसे द्यायला तयार आहे आणि जाहिरात त्या शब्दांशी किती जुळते, हे बघून क्रम लागतो. बाजूला 'प्रायोजित' असं लिहिलेलं असतं, पण ते अक्षर काकूंच्या वयाच्या माणसाला चष्म्यातूनही पटकन दिसत नाही. काकूंनी 'वर' याचा अर्थ 'खरा' असा घेतला. वर्तमानपत्र आणि दूरदर्शन बघत मोठं झालेलं कोणीही तसाच घेईल.

हा धोका गुगल काढणाऱ्या दोघांना पहिल्यापासून ठाऊक होता. १९९८ मध्ये स्टॅनफर्डला असताना सर्गेई ब्रिन आणि लॅरी पेज यांनी आपल्या सर्च इंजिनवर जो निबंध लिहिला, त्याच्या पुरवणीत म्हटलं होतं की जाहिरातींवर चालणारं सर्च इंजिन मुळातच जाहिरातदारांकडे झुकणार, शोधणाऱ्याच्या गरजेपासून दूर जाणार. दोनच वर्षांनी, २००० साली, त्यांनी स्वतःच ॲडवर्ड्स, म्हणजे सर्चमध्ये जाहिराती विकायची सेवा, सुरू केली. मी त्यावरच पोट भरते, तरी हे मला खटकतं.

तपासणी होते. २०१८ मध्ये गुगलने टेक सपोर्टच्या, म्हणजे मूळ कंपनीबाहेरचे लोक कॉम्प्युटर-फोन ठीक करून देतो म्हणतात त्या, जाहिरातींवर जगभर निर्बंध आणले, कारण त्यात खरे-खोटे वेगळे काढणं त्यांनाच जमेना. जाहिरातदाराची ओळखही तपासतात. पण कागदपत्रं खरी निघाली म्हणून धंदा खरा ठरत नाही. आणि प्रत्येक खोटा नंबर जाहिरातीतूनच येतो असंही नाही. भामटे साधी वेबपानं बनवतात, त्यात कंपनीचं नाव आणि 'कस्टमर केअर नंबर' पन्नास वेळा कोंबतात, आणि सर्च इंजिन तो आकडा उचलून ठळक दाखवतं.

निवृत्त बँकवाला:

मॅपवरच्या नंबरचा अनुभव आम्हा बँकवाल्यांना जुना आहे. २०१८ मध्ये महाराष्ट्रात बँक ऑफ इंडियाच्या शाखांचे फोन नंबर गुगल मॅप्सवर भामट्यांनी बदलले होते. लोक शाखा समजून फोन करायचे आणि कार्डाचा पिन, सीव्हीव्ही सांगून बसायचे. बँकेने महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे तक्रारी केल्या होत्या. कोणीही माहितीत बदल सुचवू शकतो, ही सोय त्यांनी वापरली. त्याच सोयीमुळे गल्लीबोळातल्या दुकानांची वेळ, पत्ता बरोबर राहतो हेही खरं, पण दुकानाची वेळ आणि बँकेचा नंबर यांना एकच नियम लावणं मला तेव्हाही पटलं नव्हतं.

काकूंनी १९३० ला फोन केला का? सायबर फसवणुकीची ती सरकारी हेल्पलाइन आहे. जितक्या लवकर कळवाल तितकी पुढच्या खात्यात पैसे गोठवले जाण्याची आशा जास्त. बँकेलाही त्याच वेळी लेखी कळवायचं. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकाप्रमाणे गिऱ्हाइकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. म्हणून तास न् तास महत्त्वाचा. लाजेने गप्प बसणारी माणसं मी काउंटरवर खूप पाहिलीत, त्यांचंच जास्त जातं.

मुक्ता_छ_संभाजीनगर:

मग दुसरं सर्च इंजिन का वापरत नाही कोणी? डकडकगो आहे, बिंग आहे.

जाहिरातवाली, पुणे:

मुक्ता, डकडकगोचे बरेचसे निकाल बिंगकडूनच येतात, आणि खोटी पानं तिथेही आहेतच. शिवाय लोक सर्च इंजिन निवडत नाहीत, फोनमध्ये जे असतं ते वापरतात. अमेरिकन सरकारने गुगलवर मक्तेदारीचा खटला भरला, त्यात बाहेर आलं की फोन आणि ब्राउझरमध्ये आपलंच सर्च आधीपासून असावं म्हणून गुगलने एकट्या २०२१ मध्ये २६.३ अब्ज डॉलर वाटले. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीश अमित मेहता यांनी ही मक्तेदारी बेकायदा ठरवली. आपल्याकडेही स्पर्धा आयोगाने गुगलला सर्चमधल्या पक्षपातासाठी २०१८ मध्ये १३५.८६ कोटींचा दंड लावला होता. पण या सगळ्या खटल्यांचा विषय इतर कंपन्यांवरचा अन्याय हा आहे. काकूंचा प्रश्न त्यात कुठेच येत नाही.

कराडचा मेकॅनिक:

सगळ्यांचे आभार. काकूंनी १९३० ला फोन केला होता, पण दुसऱ्या दिवशी दुपारी. रात्रभर कोणाला सांगू कोणाला नको यातच गेली. तिसऱ्या वेळचे १२,००० गोठवले गेलेत, ते मिळतील असं पोलीस म्हणतात. बाकीचे गेले.

ताई, तुमचं 'वर म्हणजे खरा' हे मला लागलं. मीसुद्धा कोड शोधताना पहिल्याच पानावर विश्वास ठेवतो. पण माझं चुकलं तर फार तर एक बोर्ड उगाच उघडला जातो आणि लगेच कळतं. काकूंना खरं-खोटं करायला हातात काहीच नव्हतं. एवढी मोठी कंपनी पैसे घेऊन एखादा नंबर वर लावते, तर त्याखाली फसलेल्या माणसाला तिच्याकडे दाद मागता आली पाहिजे. मी तुटका पार्ट बसवला आणि मशीन पेटलं, तर लोक माझ्याच दारात येतील, आणि आलेच पाहिजेत.

मॅपवर मी आता दर सोमवारी दुकान उघडलं की नंबर बघतो. आणि २०० स्टिकर छापून आणलेत. मशीनच्या झाकणाच्या आतल्या बाजूला, पाणी लागणार नाही अशा जागी, मोठ्या अक्षरात माझा नंबर आणि त्याखाली गिऱ्हाइकाच्या बिलावरचा कंपनीचा नंबर, तो मी पेनाने लिहितो. पहिलं काकूंकडे लावलं. त्यांनी चष्मा घातला, एकेक आकडा मोठ्याने वाचत फोनवर दाबला, आणि माझ्या खिशातला फोन वाजेपर्यंत माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या.